डागाळलेले डॉलर

२ मार्च, मंगळवार

बँकेतून प्रेसिडेंटवाल्या डॉलर नाण्यांचे रोल आणले. काउंटरवरची बाई म्हणाली, ही कोणी मागतच नाही, हवी तर सगळी न्या. अशा लोकांच्या हाती देशाचं चलन.

जेवणाच्या टेबलावर काळं कापड अंथरलं. दिवा, भिंग, मी. पहिल्याच नाण्यावर राष्ट्राध्यक्षांच्या गालावर तपकिरी डाग. दुसऱ्याच्या कपाळावर. किळस आली. टाकसाळीत नाणी धुतात की गटारात बुचकळतात? प्रत्येक डागाचं वर्णन अर्लीनला वाचून दाखवल्यासारखं मोठ्यांदा सांगितलं. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. बायकोला छंद नसला की असं होतं.

संकल्प: महिनाभरात एक तरी मोठी चूक शोधायची. टाकसाळीची.

४ मार्च

अर्लीन म्हणाली, येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या कोरिनच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील, नोवोटनी, पहिल्यांदाच जेवायला येणार. टेबल लागेल. शनिवारपर्यंत रिकामं करतो म्हटलं. खरं तर शुक्रवारीच होईल. लग्नातलं माझं भाषणही त्याच निवांतपणी लिहून टाकीन. वधुपित्याचं भाषण लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

६ मार्च

धक्कादायक. परवा स्वच्छ म्हणून वेगळ्या काढलेल्या नाण्यांवरही बारीक ठिपके. म्हणजे घाण धातूच्या आतूनच वर येते आहे. ही गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नाही. अर्लीनला सविस्तर समजावलं. तिने चष्मा काढून पुसला.

९ मार्च, मंगळवार

सापडलं!

एका डॉलरच्या कडेवर नेहमी कोरलेलं साल नाही, अक्षरं नाहीत. काठ जाड, वर आलेला. आणि झिलई? गुलाबीसर, धुरकट, लोण्यावर फुंकर मारल्यासारखी. असं नाणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. टाकसाळीचा गुप्त प्रयोग, चुकून बाहेर पडलेला. कोरिनला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. हिच्या लग्नाचा हॉल आता बदलायला हवा. नाणं विकलं की मोठा घेऊ.

११ मार्च, गुरुवार

आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची सभा, लायब्ररीच्या तळघरात. शिळे डोनट, ओल्या गालिच्याचा वास. अर्धा तास बोललो. मग अध्यक्ष नॉर्बर्ट झीलकेने नाणं बोटांत फिरवलं, फार वेळ नाही.

"डेल्मार, हे कपडे वाळवायच्या मशीनमध्ये अडकलं होतं. आत आपटून आपटून अक्षरं गेली. माझ्याकडे अशी डबाभर आहेत."

कोणी हसलं नाही. त्याचाच जास्त संताप आला. विषय बदलावा म्हणून डागांचा सिद्धांत मांडला. हेझल ब्रुनर दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने माझ्यापुढचं डोनटचं ताट हळूच स्वतःकडे ओढलं.

"मिस्टर फोगल, काही डाग टाकसाळीचे असतील. पण नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकी उडते, तिचेही पडतात."

बाई आहे, सोडून दिलं. मंडळाचा दर्जा साफ घसरलाय. राजीनामा देणार आहे. वर्गणी भरून झालीय, म्हणून वर्षअखेरीला.

१३ मार्च, शनिवार

टेबल रिकामं करणार होतो. पण वर्गवारी अर्धवट मोडली तर सगळं पहिल्यापासून. उद्या सकाळी.

१४ मार्च, रविवार, संध्याकाळ

पाहुणे लवकर आले. दुपारी एकला या म्हटल्यावर माणसं एकला येतात का? नाणी टेबलाच्या एका टोकाला सरकवली, बटाट्याचं, चीज घालून भाजलेलं कॅसरोल दुसऱ्या टोकाला. मिसेस नोवोटनींनी सौजन्याने विचारलं, हे काय आहे? विचारलंच तर सांगायला नको? उभं राहून सांगितलं. ताटांवरून वाकून एकेक नाणं हातात दिलं. मिस्टर नोवोटनी बराच वेळ आपल्या ग्लासात बघत होते. मिसेस नोवोटनींनी कॅसरोल घेतलंच नाही, पाव खाल्ला. पाव त्यांनी रुमालाखाली झाकून ठेवला होता. विचित्र बाई. स्वच्छतेचं भलतंच वेड.

जाताना कोरिन माझ्याशी बोलली नाही. दारात आईला मिठी मारून रडली. लग्न जवळ आलं की मुली हळव्या होतात.

अर्लीनने कॅसरोलचं भांडं न धुता बाहेर फेकलं. चांगलं काचेचं होतं.

१५ मार्च

सकाळी उठलो तर अर्लीन काळ्या कापडासमोर बसलेली. भिंग तिच्या हातात. म्हणाली, ये, बघ. शेवटच्या नाण्यावर, काल दुपारी हातात धरून मी बोललो त्यावर, ठिपके. त्याच्या बाजूला कॅसरोलमधला चीजचा कण. वाळलेला.

सगळी नाणी बँकेत परत दिली. त्या बाईने न मोजताच मशीनमध्ये ओतली.

१७ मार्च, बुधवार

कोरिनचा फोन. माझ्याशी नाही, आईशी. लग्नात घरातर्फे आई बोलणार. मला फक्त बसायचं आहे, पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवायच्या.

भाषण लिहून तयार होतं, असं मी म्हणणार होतो. एक ओळही लिहिलेली नव्हती.

संध्याकाळी टेबलाशी समोरासमोर बसून सूप प्यायलो. अर्लीनला विचारलं, काय बोलणारेस? ती म्हणाली, "कोरिन लहानपणी तुझ्या बुटांत पाय घालून घरभर फिरायची, तेवढं सांगेन. मग तुम्ही दोघं सुखी राहा म्हणून खाली बसेन."

हे मला आठवतच नव्हतं.