श्रेयसची तिथी

श्री

धार, ता. २८ डिसेंबर २०२४

चि. मनोरमेस चिंतामणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र परवा पोचले. गुडघा बरा आहे हे वाचून समाधान झाले. जिना चढू नकोस असे लिहीत नाही, कारण तू चढणारच. मेथीचे लाडू मिळाले. कडू आहेत. दर वर्षी कडूच असतात आणि दर वर्षी तू विचारतेस, म्हणून लिहिले.

आता मुख्य विषय. श्रेयसचा पालाशविधी करावा असे तुझ्या मनात आले आहे, आणि थोरला भाऊ म्हणून मी होकार दिल्याखेरीज गुरुजी दिवस काढून देत नाहीत. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, अशी तरतूद शास्त्रात आहे. त्यासाठी लागणारी बारा वर्षेही केव्हाच उलटली. तरी माझा होकार नाही. का, ते सांगतो.

एखादी गोष्ट नाही असे म्हणायचे, तर ती असती तर दिसलीच असती, एवढी खात्री आधी हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते; अंधारात म्हणता येत नाही. श्रेयसविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? सिंगापूरच्या नोकरीतून रजा काढून, पाठीवर पिशवी टाकून तो थायलंडची बेटे पाहत हिंडत होता. खाओ लाकच्या किनाऱ्यावर झोपडी घेतली आहे, सोमवारपर्यंत येथेच आहे, असे त्याचे कार्ड आले. रविवारी समुद्र जमिनीवर आला. मधल्या काळात त्याचा बेत बदलला नाही, असे कोण सांगेल? वीस वर्षांत त्याने एक अक्षर तरी लिहिले असते, असे तू म्हणशील. माणसांनी न लिहिण्याची कारणे मरणाखेरीजही असतात. जिवंत माणसाला मृताचे पाणी देणे हा तुझ्या मुलावर अन्याय होईल, आणि तो मी होऊ देणार नाही.

तुझी नात सध्या त्याच किनाऱ्याने हिंडते आहे. नेमके काय विचारायचे, ते तिला कळवले आहे. तिचे उत्तर येईपर्यंत थांब.

भगवंतास आशीर्वाद. तुझी माया आहे, ती राग आला तरी राहील, हे मी गृहीत धरतो.

चिंतामणी

---

खाओ लाक, ६ जानेवारी २०२५

ती. मामाआजोबांना चिऊचा सा. न. वि. वि.

फोनवर टाइप केलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. माझं मराठी हिंदी मीडियमचं आहे, मात्रा चुकल्या तर आधी माफ करा, मग रागवा.

मी ठीक आहे. त्रांगपर्यंत रात्रीच्या ट्रेनने आले, मग लिबोंग, लांता, क्राबी. झोपायला दहा जणींच्या खोलीतला वरचा पलंग मिळतो, सगळ्यात सस्ता. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस नसतं, हे शिकले. त्या पाटीवर माझं पोट चाललं आहे. आजीची सेव लांतालाच संपली, कारण अर्धी मी एका जर्मन मुलीला खायला दिली आणि बाकीची तिने न विचारता खाल्ली. बोटवाल्यांना मी आपल्याकडच्यासारखं भिया म्हणते. ते हसतात आणि भाडं काही कमी करत नाहीत, एकदम इंदूरच्या रिक्षावाल्यांसारखे. पाणी इतकं हिरवं आणि शांत आहे की खूप छान वाटतं, आणि मग श्रेयसकाका आठवले की असं छान वाटल्याची लाज वाटते.

आता तुमचं काम. काकांच्या कार्डावर नाव होतं त्या झोपड्या आता नाहीत. तिथे मोठं हॉटेल आहे. तिथली माणसं सगळी नंतर आलेली, कुणी बर्माची, कुणी उत्तरेकडची. पोलिसांची एक बोट त्या दिवशी त्सुनामीच्या लाटेने उचलून पार आत, रस्त्यापलीकडे नेऊन टाकली होती. ती तिथेच आठवण म्हणून ठेवली आहे. मी तिच्याजवळ उभी राहिले तर समुद्र दिसतसुद्धा नव्हता. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना पुरलेली जागाही पाहिली. गवत वाढलं आहे. चौकीदार म्हणाला की आता विचारायला फारसं कुणी येत नाही.

काकांचा फोटो मी सगळ्यांना दाखवला. बाजारात भाताची गाडी लावणाऱ्या एका बाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. मला वाटलं ओळखलं. पण त्या एवढंच म्हणाल्या की नाक तुझ्यासारखं आहे. त्यांनी मला बसवून जेवायला वाढलं आणि पैसे घेतले नाहीत.

मामाआजोबा, तो तुमचा उजेडाचा नियम. त्या सकाळी ज्यांनी काही पाहिलं असतं ते एक तर गेले, नाहीतर इथे परत राहायला आलेच नाहीत. मी अजून महिनाभर विचारत फिरेन, पण कुणाला विचारू ते सांगा.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावर जो थोडा जीव आहे तो कमी करू नका.

तुमची इरावती (चिऊ)

---

देवास, ता. १५ जानेवारी २०२५

ती. दादांचे चरणी मनोरमेचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवला आहे. या खेपेस गोड आहे.

चिऊच्या पत्रावर आपला अभिप्राय मिळाला. साक्षी उरला नाही, म्हणून निर्णय करता येत नाही, आणि निर्णय नाही म्हणून विधीही नाही, असे आपण लिहिता. दादा, याचा अर्थ मला असा कळला की उजेड आता कधीच होणार नाही. मग मी अंधारात किती दिवस उभी राहू?

त्याच्या वाढदिवसाला पाटावर सुपारी ठेवून मी औक्षण करते. भावाच्या औक्षणाचे तबक भगवंत धरतो. सर्वपित्रीला गुरुजी विचारतात, आणखी कोणाचे नाव राहिले का? मी नाही म्हणते. त्या रविवारी दत्तजयंती होती. तेव्हापासून दर वर्षी दत्ताचा पाळणा हलवून प्रसादाला न थांबता घरी येते. तो जिवंतांतही नाही आणि पितरांतही नाही. कोणत्याच पंगतीत माझ्या मुलाचे पान नाही.

काल गुरुजींनी पोथीतले पुढचे वाचून दाखवले. विधीनंतर तो माणूस परत आला, तर त्याला तुपाने न्हाऊ घालावे आणि जातकर्मापासून सगळे संस्कार नव्याने करावेत. हे आपल्याला माहीत नसेल असे मी म्हणत नाही. परंतु ज्या शास्त्राने चूक झाली तर काय करावे हे सांगून ठेवले, त्याने खात्री मागितलीच नव्हती. ती आपण मागितलीत. तो आला तर त्या सेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला मी पाळण्यात घालीन, देवासभर घुगऱ्या वाटीन, आणि नाव पुन्हा श्रेयसच ठेवीन.

मला एकदा मोठ्याने रडायचे आहे. रडू आले की आपला नकार आठवतो, आणि वाटते की रडले तर मीच त्याला मारले. अशी वीस वर्षे काढली. आता माझेही दिवस फार नाहीत.

उत्तर काहीही असो, धाकट्या बहिणीवरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

मनोरमा

---

धार, ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. इरावतीस चिंतामणीआजोबांचे आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या मात्रा चुकल्या आहेत. रागावलो नाही.

तुझ्या आजीच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो. तिच्या युक्तिवादात दोष शोधला, सापडला नाही. होकार एका ओळीत पाठवला. तेव्हा तू आता कोणाला काही विचारू नकोस. उरलेले दिवस नुसती हिंड. तेथील पाणी तुला छान वाटले, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुझ्या काकालाही ते छान वाटले म्हणूनच तो तेथे थांबला होता.

विधी नेमावरला, नर्मदेच्या घाटावर झाला. अग्नी तुझ्या वडिलांनी, भगवंताने, दिला. तुझी आजी अशी रडली की पलीकडच्या पायऱ्यांवरचे लोक वळून पाहू लागले. कोणी तिला आवरले नाही. तिथी मार्गशीर्ष पौर्णिमा धरली आहे. हे सर्व त्याने तुला फोनवर सांगितले असेल. त्याआधीचे बहुधा सांगितले नसेल. ते तुला ठाऊक असावे, म्हणून लिहितो.

पाने उदयनगरच्या जंगलातून आणली होती. गुरुजींनी आसनावर दर्भाला ती बांधून आकृती केली, मस्तकाच्या जागी नारळ ठेवला. आकृती हातभर होती. प्रथेप्रमाणे तेवढी पुरते. मनोरमा जवळ आली, पाहिले आणि म्हणाली की एवढा नव्हता तो, दारातून वाकून यायचा. गुरुजींनी तिला समजावले की हे केवळ चिन्ह आहे. तिने माझ्याकडे पाहिले.

गुरुजींचे म्हणणे बरोबर होते. मी खाली बसलो आणि उरलेल्या पानांतली काही उचलून पायांकडे लावली. तिने हाताने खूण केली, आणखी. मी आणखी लावली. आकृती आसनाबाहेर गेली, घाटाच्या दगडावर आली. पाने संपली तेव्हा भगवंताने पत्रावळींसाठी ठेवलेला गठ्ठा सोडला. मी लावीत गेलो, आणि ती पुरे म्हणेना.

प्रकृतीस जप. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढे ध्यानात असू दे.

चिंतामणी