टोपणाची सवय

६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं, हे तू न सांगताच कळलं. रविवारी फोनवर मी तुझी तब्येत विचारली आणि तू मला शेजारणीच्या मांजरीची हकीकत सांगितलीस. म्हणून हे पत्र. आजची गोष्ट फोनवर ओरडून सांगण्यासारखी नाही, तुझ्याआधी ती दोन्ही शेजाऱ्यांना कळेल.

परवा सकाळी वॉर्डात मला सुई टोचली. डाव्या हाताच्या तर्जनीला, हातमोज्यातून आरपार. अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाईचं रक्त घेऊन झालं होतं. ती कपडे शिवते, म्हणून वॉर्डात सगळे तिला शिवणवाली म्हणतात. तिला एचआयव्ही आहे. तुला कळवू का, असं मी तिला विचारलं होतं. तिने मान डोलावून हो म्हटलं, म्हणून लिहिते.

आता तू चष्मा पुसून प्रश्नांची सरबत्ती करशील, तेव्हा उत्तरं आधीच घे. बोट पिळलं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं. लगेच इन्चार्ज बाईंना सांगितलं. दीड तासात पहिली गोळी पोटात गेली. एका गोळीत तीन औषधं असतात, अठ्ठावीस दिवस घ्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. त्याच दिवशी माझं रक्तही तपासलं. त्यात काही नाही, पण तो रिपोर्ट सुई टोचण्याआधीच्या स्थितीचा. विषाणू शिरला असला तरी तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा आणि तीन महिन्यांनी शेवटची. अशा सुईने लागण होण्याचा धोका हजारात तिघींना, गोळ्यांमुळे त्याहूनही कमी. शिकाऊ मुलींना हे मी कितीदा तरी सांगितलं आहे. पण गोळी गिळताना त्या नऊशे सत्त्याण्णव जणी कुठे दिसतच नाहीत गं. तिघीच समोर येऊन बसतात.

मास्तरांना त्याच दिवशी सांगितलं. नवरा-बायको म्हणून तीन महिने कोणती काळजी घ्यायची, तेही. त्यांनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या अठ्ठावीस चौकोनांत पेन्सिलीने टिंबं दिली. एरवी घरातला दिवा बदलायला त्यांना आठवडा लागतो.

आईला कळवू नकोस. ती ऐकायच्या आधीच रडायला लागते. आणि सुई कशी लागली ते विचारू नकोस. लागली.

माझ्यावरची माया तेवढी यंत्रासारखी कपाटात ठेवू नकोस, रोजच्या वापरात राहू दे.

तुझी,
चिमणी


१२ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, खुर्ची उन्हात ओढली आणि पुन्हा वाचलं. छत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला, तरी दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलत होती.

तू सगळं शहाण्यासारखं केलंस. तरी मला उत्तरं हवीत. सुई पोकळ होती ना? किती आत गेली? त्या बाईचं औषध अजून सुरू नसेल, तर तिच्या रक्तात विषाणू भरपूर असणार. मी म्हातारी झाले आहे, अडाणी नाही. आणि सुई कशी लागली ते विचारू नकोस म्हणतेस, तर ऐक. सुई स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. ज्या गोष्टीत तू चार पानं लिहिली असतीस, तिथे एक शब्द लिहिलास. तुझी ही लबाडी मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ओळखते.

दुसरं. इन्चार्जना सांगून वॉर्ड बदलून घे. निदान अकरा नंबरला दुसरी कुणीतरी जाऊ दे. घरात तुझा टॉवेल आणि ताट-पेला वेगळा ठेव. ताट-पेल्यातून काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे.

गोळीने मळमळत असेल तर आधी कोरडं काहीतरी खा. मास्तरांना म्हणावं, टिंबं चांगली आहेत, पण रोज एक खोडायलाही विसरू नका.

इकडची काळजी करू नकोस. ती करायला मी बसलेलीच आहे.

तुझी,
मावशी


२१ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सतरा टिंबं खोडून झाली. मळमळ कमी आहे. स्वप्नं मात्र इतकी ठसठशीत पडतात की सकाळी मास्तरांना मध्यंतर करून सांगावी लागतात. टॉवेल वेगळा ठेवला नाही. ठेवला असता तर त्यांनी मुद्दाम माझाच वापरला असता.

वॉर्ड बदलून घेणार नाही. का, ते सांगते.

शिवणवाली आली तेव्हा तिचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, घास गिळवेना, दीड महिन्याचा खोकला. तिला वाटत होतं मशीनवर वाकून वाकून छाती धरली आहे. तपासणीआधी तिच्याशी बोलले, तिची परवानगी घेतली. तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी एकच उत्तर दिलं. ती म्हणाली की सात-आठ वर्षांपूर्वी नवरा असताना एकदा ताप आला होता, अंगावर पुरळ आलं होतं, आठवड्यात बरं वाटलं. तीच बहुधा सुरुवात. मग इतकी वर्षं हा आजार हूं की चूं न करता आत बसून होता, आणि ती कपडे शिवत होती. शरीराचं रक्षण करणाऱ्या ज्या सीडी-फोर पेशी निदान पाचशे तरी असाव्यात, त्या तिच्याकडे शहाऐंशी उरल्या आहेत. दोनशेच्या खाली गेलं की आजार शेवटच्या टप्प्यात गेला असं आपण म्हणतो. खोकला टीबीचा निघाला. त्याच्या गोळ्या ती मुकाट घेते. एचआयव्हीच्या गोळ्या त्यानंतर दोन आठवड्यांत सुरू व्हायला हव्या होत्या.

त्या ती घेत नाही. मला सुई टोचली त्या दिवसापासून तिने हात चादरीखाली घातले आहेत ते बाहेर काढत नाही. कुणी जवळ गेलं की भिंतीकडे सरकते. म्हणते की तिच्यामुळे माझं वाटोळं झालं. माझा तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला तरच ती गोळी तोंडात घालणार, नाहीतर तिला जगायचा काय हक्क. डॉक्टरांनी समजावलं, समुपदेशक बाईंनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मावशी, तिच्याकडे तीन महिने नाहीत. मध्ये मेंदूला सूज येईल किंवा फुप्फुसांत दुसरं काहीतरी शिरेल.

मी तिला सांगितलं की चूक माझी होती, तिची नव्हे. तिने विचारलं, कसली चूक. मी उत्तर टाळून खाटेचा तक्ता नीट करू लागले. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मी तिच्या समाधानासाठी खोटं बोलते.

म्हणून आता तुला तरी सांगते. रक्त घेतलं की सुई तशीच, उघडी, सरळ डब्यात टाकायची. टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही. हे मीच मुलींना शिकवते. त्या दिवशी जवळचा डबा काठोकाठ भरलेला होता, दुसरा वॉर्डाच्या टोकाला. सुई हातात घेऊन मी क्षणभर उभी राहिले आणि माझ्या हाताने आपोआप टोपण उचललं. डोकं दुसरीकडे होतं, हात त्याच्या जुन्या घरी गेला. ही सवय हाताला कुठून लागली, हे मला विचारू नकोस.

तुझ्या रागालाही आपलंच मानणारी,
चिमणी


२७ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

विचारत नाही. मला माहीत आहे.

तू सात वर्षांची होतीस. सुट्टीत माझ्याकडे आलीस की आपण दोघी घरभर राऊंड घ्यायचो. तेलाची बाटली, शाईची दौत, दंतमंजनाची डबी, पेनं. उघडं दिसलं की झाकायचं. टोपण बसल्याचा टक् असा आवाज ऐकू आला पाहिजे, असं मी तुला सांगायचे. सुई नसलेली एक काचेची सिरिंज आणि तिचं टोपण तुला खेळायला दिलं होतं. तू बाहुलीला टोचायचीस आणि टक्. आमच्या वेळी सुया उकळून पुन्हा वापरायच्या, टोक जपायचं, म्हणून टोपण. पुढे नियम बदलला, आम्हाला वर्ग घेऊन शिकवलं, मी पहिल्या नंबराने पास झाले. घरातला राऊंड मात्र तसाच चालू ठेवला.

आणखी एक. वॉर्ड बदल म्हणून लिहिलं, ते मावशी म्हणून लिहिलं असं समजू नकोस. ते त्या जुन्या सिस्टरने लिहिलं. आमच्याकडे या आजाराचा पहिला रोगी आला तो घड्याळं दुरुस्त करणारा. त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं. जेवणाची थाळी आम्ही उंबऱ्यावरून काठीने आत ढकलायचो. त्याची नखं वाढली होती. मला म्हणाला की नखं कापून द्याल का, नखं वाढलेल्या हाताने घड्याळ उघडता येत नाही. तो पुन्हा घड्याळ उघडणार नाही हे त्यालाही माहीत असावं. मी म्हटलं, उद्या. नखं कापून देण्यात धोका नाही, हे तोवर मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण पाठ झालेलं हातापर्यंत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही मी उद्या म्हटलं. पाचव्या दिवशी तो तशाच नखांनी गेला.

सोबतची चिठ्ठी तिला वाचून दाखव. तिच्यासमोर, मोठ्याने. लाजू नकोस.

— अकरा नंबरच्या बाईंस नमस्कार. मी या सिस्टरची मावशी. सुईला टोपण लावायची खोड तिला मी लावली, चाळीस वर्षांच्या जुन्या वळणाने. त्या दिवशी ती खोड तिच्या बोटाला लागली. तुम्ही फक्त हात पुढे केला होता, तोही तिने मागितला म्हणून. चुकीची सगळी धनीण मी आहे. ती तुमच्याकडे ठेवू नका, मला परत पाठवा. आणि गोळ्या घ्या. तुम्ही नाही घेतल्या तर माझ्या नावावर दोघी लागतील. एकीचाच भार मला पेलत नाही.

चिमणे, तुझं बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझी,
मावशी


१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी मोठी बातमी. सहा आठवड्यांची तपासणी झाली. काही निघालं नाही. अजून एक उरली आहे, पण आता त्या नऊशे सत्त्याण्णव जणींतल्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत.

चिठ्ठी वाचून दाखवली. लाज वाटली, आवाज चिरका झाला, पण वाचली. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. टोपणाचं वाक्य आलं तेव्हा वळली आणि ते पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली की तिच्या धंद्यात बोटाला सुई टोचली तर कापडाला कुणी दोष देत नाही. एवढं बोलून तिने चादरीतून हात बाहेर काढला आणि गोळी मागितली.

तारीख एक फेब्रुवारी. माझं शेवटचं टिंब आदल्याच दिवशी खोडलं होतं. मास्तर म्हणाले की आता ते कॅलेंडर तिला द्या. दिलं. ती टिंब देत नाही, शिवणाऱ्या माणसासारखी प्रत्येक दिवसावर एक टाका मारते, निळ्या दोऱ्याने.

मध्ये एक घाबरवणारा आठवडा गेला. गोळ्या सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी तिला सणकून ताप चढला, मानेतल्या गाठी सुजल्या. तिला वाटलं, गोळीच जीव घेते. पण शरीराची ताकद परत येऊ लागली की आत दडलेल्या टीबीशी ते नव्याने भांडायला उठतं, त्याचा तो ताप. औषध थांबवायचं नसतं. मी तिला म्हटलं की घरात इतके दिवस कुणी भांडत नव्हतं, कारण घरात कुणी उरलंच नव्हतं. हे तिला पटलं. हसली. पहिल्यांदाच.

आणि तू ती चूक कायमची स्वतःकडे ठेवून घेऊ नकोस. भरलेला डबा माझ्या वॉर्डातला होता आणि हात माझा होता. आता दर चार खाटांमागे एक डबा आहे, आणि तो पाऊण भरला की मी बदलायला लावते. मुली मला मागून डबेवाली म्हणतात.

पुढच्या पत्रात तुझी नेहमीची रागावलेली अक्षरं बघायला अधीर,
चिमणी


२४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सहा आठवड्यांची बातमी वाचून मी यंत्र कानात घातलं आणि तुला फोन लावला, तर तू ड्युटीवर. मग शेजारणीच्या मांजरीलाच सांगितलं.

तुला नावं ठेवणाऱ्या मुलींना माझे आशीर्वाद सांग. डबेवाली हे नाव मला मिळालं असतं तर मी मिरवलं असतं. आठवडाभर मी घरात पेन उघडं ठेवायचा सराव करते आहे. काल ते वाळलं, म्हणून हे पत्र पेन्सिलीने.

एक विचारायचं आहे. शिवणवाली घरी गेली, तिची छाती सुधारली आणि मला प्रवास झेपेल असं माझे डॉक्टर म्हणाले, की मी यावं म्हणते. पाहुणी म्हणून नाही. तिला विचार, माझ्या हातून एकदा नखं कापून घेईल का. कारण तिला सांगितलंस तरी चालेल. ती नाही म्हणाली तर तेही मला कळव, मी समजेन.

या वेळी उद्या न म्हणणारी,
तुझी मावशी


५ एप्रिल

मोठ्या सिस्टरांना,
नमस्कार.

चिमणी सिस्टर म्हणाल्या की या वेळी तूच लिही, पाकीट मी टाकते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे. शिवण सरळ जाते, ओळ जात नाही. सांभाळून घ्या.

काल मी गोळ्या न्यायला दवाखान्यात आले होते. बाकावर बसले होते तर सिस्टर लांबून धावतच आल्या. तीन महिन्यांचा रिपोर्ट आला, काही निघालं नाही. आधी मला सांगितलं, मग मास्तरांना फोन केला. आम्ही दोघी बाकावर बसून रडलो, तर शेजारच्या आजोबांना वाटलं कुणीतरी गेलं. ते आमची समजूत घालायला लागले.

माझ्या पेशी आता एकशे चाळीस झाल्या आहेत. सिस्टर म्हणतात, गोळी चुकवली नाहीस तर हळूहळू वाढतील, आणि रक्तातला विषाणू इतका कमी होईल की मोजायला सापडणार नाही. चार किलो वजन आलं. मशीनवर तासभर बसते, मग उठून पाय मोकळे करते. कॅलेंडरचा निळा दोरा संपला, आता लाल लावला आहे.

त्या घड्याळवाल्याचं सिस्टरांनी सांगितलं. मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला. त्याच्या वतीने मी काही बोलू शकत नाही. माझ्या वतीने बोलते.

तुम्ही या. उन्हाच्या आधी सकाळी या, म्हणजे खिडकीपाशी चांगलं दिसेल. नखं मी मुद्दाम वाढू दिली आहेत. फक्त डाव्या अंगठ्याचं सोडा. त्याने मी शिवणीची घडी दाबते, त्यावर माझं पोट आहे. बाकीची नऊ तुमची.

वाट बघणारी,
शिवणवाली