बारा उंदीर आणि एक शांत माणूस

६ सप्टेंबर १९७१
विषय मंजूर. ‘पांढऱ्या उंदरांमधील आक्रमकता.’ आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी.च्या कोणालाच इतका जबरदस्त विषय मिळालेला नाही. शेजारच्या टेबलावरचा गोरक्ष लाळेवर काम करतो. लाळ! माझे गाइड गुगळे सर म्हणाले, गहिनीनाथ, वीस ऑक्टोबरला समितीपुढे उंदीर भांडताना दाखव. नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. तसं झालं तर आमचे वडील आबासाहेब मला शेवगावच्या बाजारात तोलाईवर बसवणार आहेत, तसं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलंय. पण तशी वेळ येणारच नाही. मारामारीचा अभ्यास शांत माणसानेच करावा, आणि मी अतिशय शांत आहे.

९ सप्टेंबर
बारा नर आणले, एकाच आईचे. ॲनिमल हाउसचा छगन म्हणाला, सायेब, बारा पिंजरे धुवून ठिवलेत, येकेक टाकू का? मी म्हणालो, एकात टाक सगळे. रोज बारा पिंजरे कोण बघत बसणार? शिवाय गर्दीत भांडणं होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं.
सायंकाळी पाहिलं. बाराही एकमेकांच्या अंगावर झोपलेले.

११ सप्टेंबर
झोपलेलेच. एकाची शेपटी ओढली. त्याने भावाला सोडून माझा चावा घेतला. रक्त आलं. पिंजऱ्याला लाथ घातली, अंगठ्याचं नख उचकटलं. नोंदवहीत लिहिलं: आक्रमकता दिसू लागली आहे.

१३ सप्टेंबर
लायब्ररीत गेलो. लायब्ररियन पुष्पावतीबाई म्हणाल्या, दोन दिवस संशोधन-लेखांच्या इंडेक्सचे खंड घेऊन बसा. हे काम जगात कोणीतरी केलेलं असणार. लेख शोधा, मागणीची चिठ्ठी भरा, दिल्लीहून त्याची फोटोस्टॅट प्रत मागवून देते. मी म्हणालो, मी ओरिजिनल माणूस आहे, दुसऱ्याचं उष्टं वाचत नाही. त्या म्हणाल्या, निदान उंदीर कसे ठेवायचे तेवढं तरी वाचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कार्डांचा ड्रॉवर आपटला. त्यात माझीच दोन बोटं होती.

१५ सप्टेंबर
आज जे झालं त्यात माझा काही दोष नाही. नवं जर्नल बोटीने तीन महिन्यांनी येतं आणि स्टँडवर एकच प्रत लागते. ती गोरक्षच्या हातात. मला ती वाचायची नव्हती, पण त्याने का वाचावी? मी ओढली, त्याने ओढली. जर्नल मधोमध फाटलं. मग इंडेक्सचा चार किलोचा खंड माझ्या हातातून सुटून त्याच्या तोंडावर पडला. तीनदा. ओठ फाटला, एक दात हलला. त्यानेही माझ्या नाकावर ठोसा ठेवून दिला. रात्री मेसमध्ये तो मला पाहून हसला (फाटक्या ओठाने!), तेव्हा आमटीचा डाव वापरावा लागला.

१६ सप्टेंबर
शिक्षा झाली. चार आठवडे लायब्ररी बंद, मेस बंद, हॉस्टेलच्या मागच्या एकट्या खोलीत रवानगी. डबा छगन दाराशी ठेवणार. उंदरांचं खाणंपिणं पण तोच बघणार. लायब्ररीचं कार्ड जमा करायला गेलो तर पुष्पावतीबाईंनी मागणीची चिठ्ठीच पुढे केली. म्हणाल्या, लेख मी शोधलाय, सही करा. चिठ्ठीचा बोळा करून त्यांच्या अंगावर फेकला. त्यांनी तो उलगडला, हाताने सपाट केला आणि माझ्या जागी स्वतः सही केली. काय चिवट बाई आहे!

२० सप्टेंबर
एकांत उत्तम. चिंतनाला वाव. दात घासताना आरशात थोबाड दिसलं, आरसा फोडला.

२८ सप्टेंबर
बारा दिवस कोणाशी बोललो नाही. कपबशी गेली. बादलीला पोचा. खिडकीत कावळा ओरडत होता, त्याला चप्पल मारली, ती पत्र्यावर अडकली. आता एका चपलेवर आहे. मन मात्र शांत.

५ ऑक्टोबर
छगन दाराबाहेरून म्हणाला, सायेब, उंदरं लई गुण्यागोविंदानं हायती, वजनं बी वाढली. डब्याचं झाकण भिरकावलं. थोडक्यात हुकलं. तेव्हापासून तो डबा जिन्यावर ठेवून पळतो. माणसांत घाबरटपणा फार वाढलाय. भिंतीला दोन रट्टे दिले. भिंतीचा पोपडा आणि माझ्या हाताची सालं, दोन्ही निघाली.

१३ ऑक्टोबर
गोरक्षला कसं कसं बुकलायचं याची यादी केली. सतरा प्रकार. थिसिसचं एकही पान नाही, पण यादी मुद्देसूद झाली आहे.

१४ ऑक्टोबर, दुपार
दार वाजलं. ढकललं गेलं. कोण ते पाहिलंसुद्धा नाही, स्टूल उचलून फेकलं.
पुष्पावतीबाई होत्या. चष्मा फुटला, भुवईवरून रक्त गालावर आलं. कागद खोलीभर पसरले, काळ्या पानांवर पांढरी अक्षरं. फोटोस्टॅट. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पोस्टाने आजच आलंय, वीस तारखेला तुम्हाला लागेल म्हणून स्वतः आणलं. आठ पानं आहेत, मोजून घ्या. जिना उतरताना कठडा चाचपत गेल्या.
मी मागे गेलो नाही. जायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर
वाचलं. पान दोन. प्रत्येक नर वेगळ्या पिंजऱ्यात, एकटा, चार आठवडे. मग दुसरा आत सोडावा. एकत्र वाढलेले भाऊ सहसा भांडत नाहीत, पण एकटा ठेवलेला समोर येईल त्यावर तुटून पडतो.
बोटांवर दिवस मोजले. सोळा सप्टेंबर ते चौदा ऑक्टोबर. परत मोजले. अठ्ठावीस.
लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी लाज वाटली.

२० ऑक्टोबर
सकाळी लायब्ररीत जाऊन माफी मागितली. बाईंच्या भुवईला टाके, चष्म्याला दोरा. म्हणाल्या, फोटोस्टॅट मिळाल्याची सही राहिली आहे. केली.
समितीपुढे पिंजरा ठेवला. बाराही झोपलेले. एकाने जांभई दिली. रजिस्ट्रेशन रद्द. उद्याच्या एस.टी.ने शेवगाव.
गुगळे सरांनी शेवटी प्रयोगाच्या नोंदीचा फॉर्म पुढे ओढला. म्हणाले, कागद तर पुरा करू. चार आठवडे एकटं ठेवल्यावर हल्ला केल्याची नोंद किती? मी म्हणालो, एक. सरांनी मान वर केली, उंदराचा नंबर विचारला.
मी माझा रोल नंबर सांगितला.