आधी तिच्या दारात

आई, येत्या रविवारी मी तुझी नक्कल करणार आहे. आपल्या वटार गावच्याच नाटक मंडळात, पडद्यासमोर, तू उभी राहायचीस त्याच जागी. धाकट्याला फोनवर सांगितलं तर तो भडकला. आईचं हसं करणार का चारचौघांत, म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू सगळी नाटकं पडद्यामागच्या सतरंजीवर झोपून काढलीस, आई काय करायची ते तुला काय ठाऊक? त्याने फोन ठेवला. बोलेल पंधरा दिवसांत, राग धरून ठेवणं त्याला कधी जमलेलं नाही.

तो झोपायचा आणि मी पहिल्या रांगेत डोळे ताणून बसायचे. अंक संपून पडदा पडला की मागे राजवाड्याचं रान होईपर्यंत लोकांना धरून ठेवायचं काम तुझं. लुगड्यावर बाबांचा काळा कोट चढवून तू यायचीस, पेटीवाल्याकडे बघून एक भुवई उडवायचीस आणि गाणं सुरू. धृपदाला सगळं गाव तुझ्यामागून गायचं. मग नकला. तलाठी, एसटीचा कंडक्टर, वाडीत पाणी सोडताना भांडणाऱ्या दोन जावा. मागून फळीवर दोनदा टाच आपटली की जिथे असशील तिथे थांबायचं आणि नमस्कार करून निघायचं. एकदा तलाठी असा अर्ध्यावर तुटला. आठवडाभर लोक दारात येऊन विचारत होते, पुढे तो काय म्हणाला? तू सांगितलं नाहीस. पुढच्या वर्षी या, म्हणायचीस.

आठवतं? मी बारा वर्षांची आहे. तू चुलीपुढे केळफुलाची भाजी परततेस आणि मी स्वयंपाकघरात, दारावर मासे विकायला येणाऱ्या लंगड्या म्हावरेवालीसारखी लंगडत फिरते. डोक्यावर सूप, तोंडाने तिची हाळी. आत्याला हसू आवरत नाही. तू मात्र हसत नाहीस. भाजी उतरवतेस, माझं मनगट धरतेस आणि भर दुपारी थेट समुद्राकडच्या त्या म्हावरेवालीच्या घराची वाट धरतेस. तिच्या अंगणात मला पुढे ढकलून म्हणतेस, "आता हिच्यासमोर कर. ही हसली तर नक्कल तुझी. नाही हसली तर परत कधी करायची नाही."

कशीबशी चार पावलं लंगडले. ती बाई जाळं बाजूला सारून बघत राहिली. मग म्हणाली, "असं नाय गो पोरी. डावा पाय आदी. आनि डोक्याव टोपली हाय, तर मान कशी हालंल?" स्वतः उठून तिने अंगणभर लंगडून दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं आणि मग कुठे हसली. परत येताना मला रडू फुटलं, तेव्हा तू समजावलंस. तलाठ्याला तू त्याच्या कचेरीत जाऊन दाखवलं होतंस, जावांना विहिरीवर. एक मास्तर हसले नव्हते. ती तुझी सगळ्यात चांगली नक्कल होती, असं बाबा म्हणायचे. आम्ही ती कधी पाहिली नाही.

तुझ्यामागे मंडळाने हा नियमच करून टाकला. ज्याची नक्कल, आधी त्याच्या दारात. मीही पाळत आले. वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला होते तेव्हा आमच्या सुपरवायझरला जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या डब्यांमध्ये उभं राहून त्याचीच नक्कल दाखवली होती. आता मी निवृत्त झाले. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आरशासमोर तुझी भुवई बसवते, कोटाच्या खिशात पदर खोचायची तुझी सवय बसवते. तुझी पट्टी मला झेपत नाही, तर खाली घेईन. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. इतक्या बायका-माणसांना तू गावासमोर उभं केलंस आणि तुला उभं करणारं कोणी नाही, हे मला पटत नाही. मी हे करणार.

परवा तालमीला म्हाताऱ्या पेटीवाल्याने पेटी थांबवली. "आईला दाखवली होतीस?" मी म्हटलं, हो, दाखवली होती.

ते खोटं नाही. शेवटच्या दिवसांत तुझी वाचा गेली होती. इस्पितळात दुपारी मी तुला नर्सबाई करून दाखवायचे, शेजारच्या खाटेवरची घोरणारी आजी करून दाखवायचे, आणि तू अर्ध्या तोंडाने हसायचीस. एका दुपारी मी तुझीच नक्कल केली. आधी भुवई, मग गाण्याची पहिली ओळ. तू खूप वेळ माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग डोळे मिटलेस. दमली होतीस की आवडलं नव्हतं, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. पेटीवाल्याने पुढे विचारलं होतं, मग, हसली का? मी सांगितलं, हसली.