पेटंट औषधांविरुद्ध माझा आवाज

२४ सप्टेंबर २००६, रविवार
मंडळाच्या दिवाळीत माझे व्याख्यान ठरले. विषय: व्हिक्टोरिया राणीच्या काळातली पेटंट औषधे आणि त्यांच्या जाहिराती. फ्रँकफर्टच्या मराठी माणसाला हे ऐकण्याची नितांत गरज आहे. त्याला ते माहीत नाही, हाच रोग.
अध्यक्ष उल्हास म्हणाला, वीस मिनिटे, मग लगेच जेवण. वीस मिनिटांत मी राणीला गादीवरसुद्धा बसवू शकणार नाही. दीड तास धरून लिहितो आहे. उल्हासला आयत्या वेळी कळेल.
गेल्या वर्षी माझे भाषण चालू असताना अर्धा हॉल उठून गेला होता. विषय इतका भिडला की लोकांना बसवेना.

२६ सप्टेंबर
हायडेलबर्गच्या विद्यापीठातून जुन्या मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या फोटोकॉपी आल्या. काय एकेक जाहिरात! एकच गोळी ताप, विसराळूपणा, विंचूदंश आणि संसारातली उदासी यांवर चालते. विजेचा पट्टा कमरेला बांधला की गेलेले तारुण्य परत येते. बाटलीवर दाढीवाला गोरा डॉक्टर, जो कधी जन्मलाच नव्हता. खाली दाखले: अमक्या गावचे मामलेदार लिहितात, तमक्या संस्थानचे दिवाण कळवतात.
आणि आत काय? बहुतेक वेळा दारू आणि अफू. पिणाऱ्याला बरे वाटायचेच. त्याला वाटे, गुण आला. माणसे किती भोळी असतात!
आज एक वाक्य जमले: 'साहेबाने आधी मुलूख घेतला, मग त्या मुलखाची हवा वाईट म्हणून सांगितले, आणि मग त्या हवेवरचे औषध आपल्यालाच विकले.' स्वयंपाकघरात तीनदा म्हणून पाहिले. माझी बायको विभावरी तिथेच भाजी चिरत होती. तिसऱ्यांदा तिने एक्झॉस्ट फॅन लावला.

१ ऑक्टोबर, रविवार
पूर्ण भाषणाची तालीम, उभ्याने, हातवाऱ्यांसकट. दोन तास दहा मिनिटे. काटछाट करताना आणखी दोन मुद्दे सुचले.
खालच्या फ्राउ क्र्यूगर वर आल्या. रविवारी रूएत्साइट असते, म्हणजे शांतता पाळायची, हे आठ वर्षांत चौथ्यांदा सांगितले. मी त्यांना भाषणाचा सारांश सांगू लागलो. त्या 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत जिना उतरल्या.
अन्वी म्हणाली, पापा, बिटे लाइझे, म्हणजे जरा हळू. मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. नऊ वर्षांच्या मुलीला बापाचा आवाज मोठा वाटतो, ही परक्या संस्कृतीची किमया.

४ ऑक्टोबर
घसा बसला. वक्त्याचा घसा बसतो म्हणजे तो कामात आहे.
ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता आले नाही. मीटिंग पंधरा मिनिटांत संपली. एवढ्या घाईत काय निर्णय होणार!

६ ऑक्टोबर
विभावरीने हट्टाने घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. नळी घालून पाहिले. स्वरतंतूंना सूज. उपाय: तीन आठवडे बोलायचे नाही. कुजबुजायचेही नाही. पाणी प्या.
मी वाट पाहत बसलो. पुढे? पुढे काही नाही. गोळी नाही, सिरप नाही, साधा गुळण्यांचा पाला नाही. पुण्यात आमच्या डॉक्टरांनी नुसत्या शिंकेला तीन रंगांच्या गोळ्या दिल्या असत्या. माणूस केमिस्टच्या दारातच अर्धा बरा होतो. इथे मला रिकाम्या हाताने घरी पाठवले.
मी त्यांना वसाहतकालीन वैद्यकाची पार्श्वभूमी समजावून सांगितली. त्या मध्येच म्हणाल्या, 'हेऽर दिनकर, तुम्ही आत्ताही बोलताय.'
तीन आठवडे मौन म्हणजे बरोबर व्याख्यानाच्या आदल्या दिवसापर्यंत. तालीम कोण करणार? निर्णय: आपला इलाज आपण करायचा.

८ ऑक्टोबर
ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, लवंग, मध. काढा टिकावा म्हणून त्यात थोडा क्रॉयटरश्नाप्स. ही दारू नव्हे, इथल्या डोंगरातल्या वनस्पतींचा अर्क आहे. बाटलीवर हरणाचे चित्र आहे.
संध्याकाळी दोन डोस घेतले. विलक्षण हुशारी वाटली. राणीवरचा भाग खणखणीत म्हटला. आवाज उमटला नाही, पण तो आतून सुटल्याचे जाणवले.

१० ऑक्टोबर
सकाळी घसा जास्त दुखतो. औषध रोग बाहेर काढते आहे.
संध्याकाळी पुन्हा बरे वाटले. प्रमाण वाढवले. विशेषतः टिकाऊपणासाठी जे घालतो त्याचे.
नाव सुचले: कंठसुधा.

१५ ऑक्टोबर, रविवार
मल्हार काल येनाहून दोन दिवस राहायला आला. विभावरीचा मावसभाऊ. भिंगांवर पीएचडी करतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहायची सवय. म्हणाला, दिनकरदादा, निम्म्या लोकांना कंठसुधा द्या आणि निम्म्यांना नुसते मधपाणी, मग बघू काय फरक पडतो. मी म्हणालो, निम्म्या लोकांना फसवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणालो म्हणजे पाटीवर लिहिले. विभावरीने अन्वीची पाटी दिली आहे. ती फार लहान आहे. एका वाक्यात तीनदा पुसावी लागते.
मल्हारने चवीपुरते म्हणून अर्धा कप घेतला आणि सोफ्यावर आज दुपारपर्यंत झोपला. हा उपयोग मला माहीत नव्हता. निद्रानाशावरही गुणकारी, असे टिपून ठेवले.

१७ ऑक्टोबर
जॅमच्या बरण्यांत भरून मंडळातल्या काही घरी कंठसुधा पोचवली. नफ्याचा प्रश्नच नाही, सेवा आहे. सोबत छोटे पत्रक छापले, ऑफिसच्या प्रिंटरवर, जेवणाच्या सुटीत:
'आपला आवाज पोचत नाही का? मीटिंगमध्ये आपल्याला मध्येच तोडतात का? बायको, मुले, वरिष्ठ ऐकत नाहीत का? दोष त्यांचा नाही, आपल्या कंठाचा आहे!'
व्याख्यानातला माझा मुख्य मुद्दा असा की त्या काळच्या जाहिरातदारांनी औषध शोधलेच नाही, त्यांनी आजार शोधला. धडधाकट माणसाला आधी घाबरवायचे, मग बाटली पुढे करायची. हे वाचून रक्त तापते. पत्रकाच्या पन्नास प्रती संपल्या, आणखी काढल्या.
विभावरीने पत्रक वाचले. म्हणाली, 'दिनकर, तुला लोक मध्येच तोडतात ते घशामुळे नाही रे.'
पाटीवर उत्तर लिहायला घेतले. मावले नाही.

२० ऑक्टोबर
दाखले येऊ लागले.
उल्हासच्या शुभावहिनी फोनवर विभावरीला म्हणाल्या की वास छान आहे, अजून झाकण उघडलेले नाही. नोंद: 'फ्रँकफर्टच्या सौ. शुभा कळवतात की बरणी न उघडताही प्रसन्न वाटते.'
एकांनी सिंकची तुंबलेली नळी मोकळी झाल्याचे सांगितले. नोंद: 'अवरोध दूर होतो.'

२३ ऑक्टोबर
आवाज आता अजिबात नाही. सूज शेवटच्या टप्प्यात आली की असे होते. रोज रात्री गॅरेजमध्ये, गाडीच्या काचा बंद करून तालीम करतो. त्यामुळे फ्राउ क्र्यूगर सुखी आणि डॉक्टरीणबाई अनभिज्ञ.
विभावरीने आज विचारले, शनिवारी बोलता आले नाही तर? मी पाटीवर लिहिले: अशक्य. तिने विचारले, नक्की काय अशक्य? मी पाटी पुसली.

२७ ऑक्टोबर
पुन्हा डॉक्टरीणबाई. नळी घातली, बराच वेळ आत पाहिले. विचारले, बोलत होतात? मी नकारार्थी मान हलवली. पुन्हा विचारले. मी खिडकीबाहेर पाहिले. मग विचारले, दुसरे काही घेत होतात? मी पत्रक पुढे केले. मराठीत होते म्हणून वाचलो.
आता सहा आठवडे. शिवाय ऐकले नाही तर आवाज कायमचा खरखरीत राहील, असे बजावले. या खेपेला प्रथमच घाबरलो. त्या आवाजाशिवाय माझ्याकडे दुसरे आहे काय?
रात्री उशिरा कागदांचा गठ्ठा विभावरीपुढे ठेवला. तिने चष्मा लावला आणि लाल पेन मागितले.

२८ ऑक्टोबर, शनिवार, रात्री
गेमाइंडेहाउसचा हॉल भरलेला. विभावरीने वाचले. मी प्रोजेक्टरजवळ उभा राहून चित्रे बदलत होतो.
तिने राणीचा जन्म गाळला, माझे सर्व आवेश गाळले, दोन्ही संस्कृत अवतरणे गाळली. साहेब आणि हवेचे वाक्य ठेवले, पण ते असे सहज म्हणाली की लोक आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. माझ्या भाषणात ते कधीच गप्प झाले नव्हते. शेवटी तिने आजच्या एका जाहिरातीचा नमुना म्हणून माझे पत्रक वाचले. नाव सांगितले नाही. हॉल लोटपोट. मीही हसलो. काय करणार?
एकोणीस मिनिटे. एकही माणूस उठला नाही. स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या.
उल्हासने जाहीर केले की पुढच्या वर्षीही विभावरीताईच बोलतील. टाळ्या थांबेनात. मला मंचावर बोलावून नारळ दिला. प्रोजेक्टर चालवल्याबद्दल.

२९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी शुभावहिनी घरी आल्या. मला वाटले, सांत्वनाला.
'भाऊजी, ती तुमची कंठसुधा आणखी आहे का हो? मोठी बरणी हवी. जानेवारीत वार्षिक सभा आहे. उल्हासने अहवाल लिहिलाय, पासष्ट पानांचा. रोज आंघोळ करताना मोठ्याने म्हणतो.'
मी कपाटातून सगळ्यात मोठी बरणी काढून दिली. किती द्यायची, असे त्यांनी विचारले.
पाटीवर लिहिले: सभा होईपर्यंत, भरपूर.