सफरचंदवाडीकर आणि नौपाड्याचे घर

मी, श्रीमती मेघना प्रभाकर आंबिवलीकर, वय ७४, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहिते. दबाव आलाच नाही असे मात्र नाही. तो माझे धाकटे दीर प्रफुल्ल यांनी आणला, दर रविवारी, चहा घेता घेता.

१. नौपाड्याची दोन खोल्यांची जागा माझे पती प्रभाकर यांच्या पश्चात रीतसर माझ्या एकटीच्या नावावर झाली आहे. जाण्याआधी त्यांनी प्रफुल्ल भाऊजींसमोर माझ्याकडून शब्द घेतला होता : "घर आंबिवलीकरांकडेच राहू दे." मी हो म्हटले. तेव्हा आमची एकुलती एक मुलगी समिधा आंबिवलीकरच होती. पुढे तिने डॅनियल ॲपलटन या इंग्रज गृहस्थांशी लग्न केले आणि हौसेने त्यांचे आडनाव लावले. दोघे माजिवड्याला भाड्याने राहतात. भाऊजींचे म्हणणे, "वहिनी, दादाला दिलेला शब्द पाळा. घर माझ्या बंटीला द्या."

२. शब्द मोडण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी शब्दाचा अर्थ पाहिला. आंबिवली म्हणजे आंब्यांची वस्ती, असे सासूबाई सांगत. ॲपलटनचा अर्थ मी जावयांना विचारला.

"आई, ॲपल म्हणजे सफरचंद. टन म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वाडी. मी सफरचंदवाडीकर!"

"तुमच्या त्या गावात कोण असतं?"

"माहीत नाही. आम्ही कधी गेलोच नाही. तुमच्या?"

आम्हीही नाही. कल्याणच्या पुढे तर आहे, पण जायचे राहून गेले.

भाऊजींना हे सांगितले तर ते उसळले. "टन म्हणजे हजार किलो, वहिनी! घाऊक व्यापारी असतील ते सफरचंदाचे!"

३. आंबिवलीत कोणाला आंबिवलीकर म्हणून हाक मारतील? तिथे सगळेच तिथले. आजेसासरे धाकू ठाण्याला आले, कोणीतरी "कुठला रे तू?" विचारले आणि उत्तराचेच आडनाव झाले. हे आडनाव गाव सोडल्यावरच चिकटते. ॲपलटनांच्या पूर्वजाचेही तेच झाले असणार. शिवाय हे घर आजवर सांभाळले ते मी, आणि मी माहेरची कोलशेतकर. आडनाव बदलून आलेली इथे चालते, तर आडनाव बदलून गेलेली का चालू नये?

४. सबब हे घर समिधा डॅनियल ॲपलटन हिला द्यावे. भाषांतर केल्यास ती आंबिवलीकरच भरते. फळ तेवढे बदलले.

५. दारावरची पितळी पाटी प्रफुल्ल भाऊजींना द्यावी. त्यांना नाव हवे आहे, ते मिळावे. सोबत ब्रासोचा डबा. पाटी आपोआप चकाकत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल.

६. बँकेतील ठेव समिधा व बंटी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. पुरणयंत्र तळमजल्यावरच्या गंगुबाईंना. तसेही ते कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे.

७. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून बंटीला नेमते. तो मला जिन्यात म्हणाला होता, "काकू, नौपाड्यात गाडी कुठे पार्क करू? मला डोंबिवलीच बरी. फक्त बाबांना बोलू नका ना." बोलले नाही. लिहिले आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीदारांची सही मी त्यांच्यासमोर सही केली एवढ्यापुरती आहे; मजकूर पटलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

ठाणे, १६ नोव्हेंबर २०२४

(सही) मेघना प्रभाकर आंबिवलीकर

साक्षीदार :

(सही) डॉ. संचिता दामले, नौपाडा

(सही) प्रफुल्ल दौलत आंबिवलीकर, डोंबिवली पूर्व
सहीखाली स्वहस्ते : मजकूर वाचला. भाषांतर मान्य नाही. बंटीशी घरी बोलतो. घर समिधाचेच.