न रडणारी चाल

आप्पा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही.

आईचं सुतक फिटल्यावर तुम्ही मला देवळात तुमच्या शेजारी गायला बसवलंत, तो दिवस आठवतो. दुसऱ्याच ओळीला माझा सूर रडवेला झाला. तुम्ही तंबोरा आडवा ठेवलात आणि भरल्या देवळात म्हणालात, "सूर रडला की ऐकणाऱ्याला काय काम उरलं? त्याचं रडणं त्याच्यासाठी ठेव." मग तेच पद स्वतः गायलात, सरळ, एकही सूर न हलवता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि तुमच्या चेहऱ्यावर काही नाही. मला तुमची भीती वाटली, अभिमानही वाटला.

त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. नाटक मंडळीत चाली बांधायला लागलो तेव्हा दुःखाच्या पदांतून ताना काढून टाकल्या, हेलकावे काढून टाकले. चार-पाच सुरांत पद उभं करायचं आणि शब्दापुढे थोडी जागा मोकळी सोडायची, ही माझी तऱ्हा झाली. सोलापुरात लोक ती ओळखतात. मालक कुरकुरतात, पण चालवून घेतात.

गेल्या महिन्यात आमची धाकटी तापानं गेली. नव्या नाटकात मेलेल्या लेकरासाठी आई गाते असं पद आहे, त्याची चाल नेमकी याच दिवसांत बांधायची होती. पेटी घेऊन बसतो, तर हात आपोआप तुमच्याच वाटेनं जातो. स्वयंपाकघरात बायको ज्वारी निवडत होती, तिला बांधलेली चाल ऐकवली. ती मंद्रूप गावची, पोटात काही ठेवत नाही.

"चांगली हाय की," ती म्हणाली, "पण ह्यात आपली पोर कुटं हाय?"

मी तुमचंच वाक्य तिला ऐकवलं. तिनं सूप बाजूला सारलं. "तुमी एकदा तरी रडा की वो. मला लई एकटं वाटतंय."

रडायला जमलं नाही. चालही बदलता आली नाही.

आज तालमीत नायिकेचं काम करणाऱ्या नटानं ते पद म्हटलं. तबलजीचा हात थांबला, मालक उठून बाहेर गेले, पडदे ओढणारा गडी उपरण्यानं डोळे पुसत होता. तुमचं खरं ठरलं, आप्पा, आणि मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसं झालं. ठीक झालं म्हणालो.

तिला हे सांगता येणार नाही. तुम्ही वाचणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. सगळे रडायला लागले तेव्हा आधी मला चाल साधल्याचा आनंद झाला. मुलगी त्यानंतर आठवली.